सुट्टीच्या दिवशी आणलेलं कुत्रं

आमच्या घरात कुत्रं आणायचं ठरलं ते मुलीला कुत्र्यांची भीती बसली म्हणून. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि दोघांतलं शहाणं कोण असेल याचा अंदाज न आल्यामुळे विषय बदलला.

भीतीला कारण होतं. मुलगी तेव्हा सहावीत होती. ट्यूशनहून परतताना आमच्या गल्लीच्या वळणावर, जिथे फरसाणवाला उरलंसुरलं टाकतो, तिथली कुत्री तिच्या मागे धावली. चावली नाहीत. ती पडली, गुडघे खरचटले, एक चप्पल गटारीत गेली. गुडघे बरे झाले, चप्पल नवी आली, पण मुलगी काही घराबाहेर एकटी पडेना. सुरुवातीला पोटात दुखायचं, मग ऐनवेळी गृहपाठ आठवायचा, आणि शेवटी तिनं कारणं देणंच बंद केलं. नाही म्हणजे नाही. एरवी ही पोर कोथिंबिरीच्या काडीसाठीही जिना उड्या मारत उतरणारी. आता ती गॅलरीच्या जाळीला नाक लावून, खाली खेळणाऱ्या मैत्रिणींना वरूनच कोण आउट झालं ते सांगायची. थोड्या दिवसांनी मैत्रिणींनी वर पाहणं सोडलं.

मी सुरतेतल्या एका सकाळच्या मराठी शाळेत शिकवते. तिची शाळाही सकाळचीच, पण दुसरी. तिला पोचवायला सासूबाई जात. एक गुडघ्यांमुळे हळू चालायची, दुसरी भीतीमुळे, आणि दोघी हातात हात घालून अशा निघायच्या की कोण कुणाला पोचवायला चाललंय ते कळू नये. ट्यूशन सुटली. चित्रकलेचा वर्ग सुटला. मला त्या दिवसांत एका जागी बसवत नसे. पेपर तपासता तपासता उठून गॅलरीत जायचं, ती तिथं आहे हे पाहायचं, आणि ती तिथं आहे याचंच वाईट वाटून परत यायचं.

सल्ले पुष्कळ आले. गावाकडून आला तो असा, की पोरीला वर्षभर गावी ठेवा. गावी कुत्री नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मुलांच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की एखाद्या शांत, माणसाळलेल्या कुत्र्याजवळ तिला हळूहळू नेता आलं तर बघा. 'काट्यानं काटा काढायचा,' नवरा म्हणाला. डॉक्टर म्हणाले होते 'जवळ न्या', नवऱ्यानं ऐकलं 'घरी आणा'. डॉक्टरांकडून येईपर्यंत औषधाचा डोस आमच्याकडे नेहमीच थोडा वाढतो.

मग प्रश्न आला, कुठलं कुत्रं. दोन खोल्या, गॅलरी, दोन मुलं, एक म्हातारी. माणसाची जात विचारू नये असं मी सकाळी वर्गात शिकवायची आणि दुपारी घरी येऊन कुत्र्याची जात शोधायची. शाळेच्या कपाटात पाळीव प्राण्यांवरचं एक जुनं पुस्तक सापडलं, बाकी सगळं मोबाइलवर होतं. वाचून माझी झोप उडाली. सगळ्याच जाती प्रेमळ, इमानी, बुद्धिमान आणि मुलांवर माया करणाऱ्या. वधूवर मंडळाच्या पुस्तिकेत सगळ्याच मुली जशा मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष असतात, तसं. कुठलंच कुत्रं तापट नव्हतं, कुठलंच आळशी नव्हतं. मग वळणावर जी धावली ती कुठून आली होती, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

नवरा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर आहे. कापडाच्या चिंधीकडे पाहून तिच्यात कुठला रंग किती पडलाय हे सांगायची त्याला सवय. कुत्र्यांचे फोटोही त्यानं शेड कार्ड चाळावं तसे चाळले. ज्याला लोक गोल्डन म्हणतात ते गोल्डन नाहीच, फिका बदामी आहे, हे त्याचं पहिलं मत. दुसरं मत असं की केस सोफ्याच्या कव्हरवर दिसणार नाहीत असा रंग घ्यावा. सहा वर्षांच्या मुलाला बोलणारं कुत्रं हवं होतं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "दात नसलेलं." ती विनोद करत नव्हती.

दिराचं मत आम्ही मागितलं नव्हतं, पण त्याला मागण्याची वाट पाहायची सवय नाही. तो गोडादऱ्याला राहतो आणि साड्यांच्या मार्केटमध्ये सेल्समन आहे. बारा साड्या दाखवून तेरावी खपवण्याची कला त्यानं आमच्यावर वापरली. "वहिनी, कुत्रं म्हणजे इम्प्रेशन," तो म्हणाला. "माणसं दारात आली की आधी काय दिसतं?" मी म्हटलं, आमच्या दारात आधी गॅसची रिकामी टाकी दिसते. त्यावर तो रॉटवायलरचे फोटो दाखवत राहिला. त्याच्या शेठनं हस्की पाळलाय. त्या हस्कीची खोली एसीची, आणि त्याला गाडीतून फिरवणारा ड्रायव्हर दुपारभर बाहेर उन्हात बसतो. बर्फातल्या प्राण्याला मे महिन्यातल्या सुरतेत आणून ठेवायचं आणि मग त्याच्यासाठी बर्फ तयार करायचा, यातलं मोठेपण मला कळलं नाही. दिराला कळलं होतं. तो त्या कुत्र्याबद्दल बोलताना शेठबद्दल बोलावं तसा आदरानं बोलायचा.

आमच्याकडच्या अटी मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. पहिली अट झोपेची. आमच्या गल्लीत दिवसा कुणी ना कुणी झोपलेलं असतंच. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आडवा होतो, आणि त्याच्या घरची पोरं तोवर खुणांनी भांडतात. झोपलेल्या कारागिराला उठवणं हे आमच्याकडे शिवी देण्याहून वाईट. नवऱ्याचीही पाळी बदलती. तेव्हा भुंकणारं चालणार नाही. बीगल तेवढ्यावरच गेला. तो गळा काढून रडतो म्हणे. पग नवऱ्याला आवडला होता, पण त्याला उन्हाळ्यात श्वास घेता येत नाही हे वाचून मला धाप लागली. पॉमेरेनियन समोरच्या बिल्डिंगीत एक आहे, तो आल्यागेल्याच्या घोट्याचा हिशेब ठेवतो. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्खी गल्ली खानदेशात निघून जाते, तेव्हा कुत्र्याला रेल्वेत कुठं बसवायचं, हा सासूबाईंचा प्रश्न तर अजून तसाच आहे.

रोज रात्री एक जात पक्की व्हायची आणि सकाळी माझं मन फिरायचं. शेवटी लॅब्राडोर उरला. फार भुंकत नाही, लहान मुलं अंगावर पडली तरी सोसतो, असं सगळेच म्हणत होते. खातो फार, वाढतो फार, हेही म्हणत होते. पण घरात एक प्राणी तरी नीट जेवेल याचं मला त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

पिल्लू पाहायला जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी इस्त्रीचं लुगडं काढलं. आमच्याकडे मुलगी पाहायला जातात तशा त्या निघाल्या. पहिलं ठिकाण दिरानं शोधलेलं, नदीपलीकडचा एक मोठा बंगला. दिवाणखान्यात कुत्र्यांचे फोटो सोनेरी चौकटींत, कपाटात चषक, आणि एका पिल्लाच्या बापाच्या बापापर्यंतची वंशावळ काचेखाली. आमच्या घरात पणजोबांचं नाव विचारलं तर दोघा भावांत एकमत होत नाही. मालक पिल्लाच्या खानदानाबद्दल बोलू लागले ते थांबेनात. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "एनी माय कोठे शे?"

मालकांनी गुजरातीतून सांगितलं की आई आराम करते आहे, तिला त्रास द्यायचा नाही, आणि आईला बघून काय करणार, कागद आहेत की.

"माय दखाड," सासूबाई म्हणाल्या.

दिरानं त्यांना समजावलं. मालकांनी पुन्हा चषकांकडे हात केला. सासूबाई उठल्या आणि चपला घालून फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच बोलल्या, खाण तशी माती. खाणच दाखवत नाहीत त्यांची माती कशाला.  दिराचा आब मात्र गेला होता.

दुसरं ठिकाण माझ्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. रांदेरकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको, बागेत पेरूची झाडं, आणि पेरूखाली पसरलेली एक बदामी रंगाची कुत्री. सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. ती खाते किती, चिडते का, पिल्लांना पाजताना गुरगुरते का, परक्याच्या हातचं घेते का, सगळं त्यांनी अहिराणी, मराठी, गुजराती अशा आपल्या तिन्ही भाषांतून विचारलं, आणि मुख्याध्यापकांच्या बायकोनं न कंटाळता सांगितलं. मग सासूबाईंनी पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढून पुढे धरला. कुत्रीनं तो हळूच, ओठांनी घ्यावा तसा घेतला. स्थळ पसंत पडलं. नवऱ्यालाही पडलं, त्याच्या मते ही शेड धुतली तरी टिकणारी होती. मुलगी मात्र फाटकाबाहेर रिक्षातच बसून होती. मुलगा जाऊन जाऊन तिला बातम्या देत होता.

आणि मग मुख्याध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या की पिल्लू देण्याआधी आम्हाला तुमचं घर बघायचंय. नवऱ्याला हे जरा लागलं. मला मात्र तेवढ्यानं धीर आला. मुलीकडचेही घर पाहायला येतातच की. आम्ही त्यांना सगळे घरी असतील अशा दिवशी बोलावलं, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. दोघं आले, चहा घेतला, गॅलरी पाहिली, जाळीतून पिल्लाचं डोकं जाणार नाही ना ते हात घालून पाहिलं. मुलीशी तिच्या शाळेबद्दल बोलले, कुत्र्याचं नाव काढलं नाही. जाताना त्या बाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "अहीं तो बहु शांति छे." इथं फार शांत आहे हो. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मनापासून डोलावली.

पिल्लू आणलं तेही पुढच्या सुट्टीलाच. तो दिवस फार चांगला गेला. नावावरून दोन्ही मुलांचं भांडण झालं आणि ते मिटलं नाही, म्हणून तो पिल्लूच राहिला. तो घरभर फिरला, सासूबाईंच्या चपलेवर झोपला, गॅसच्या टाकीला भ्याला आणि मग तिच्याशी मैत्री केली. मुलगी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. दुपारी तिनं वरून टोस्टचा तुकडा खाली टाकला. संध्याकाळी दुसरा टाकला, जरा जवळ. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे पाहत होते आणि भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पिल्लू पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्यामागे. बाहेर येईना. अंग थरथरत होतं. दूध तसंच होतं. सासूबाई म्हणाल्या, आईची आठवण काढतोय, दोन दिवसांत रुळेल. दोन दिवसांत तो अजून आत सरकला. नवऱ्याला पाण्याचा संशय. सुरतेच्या पाण्यात रंग कसा बसत नाही यावर तो नेहमीच बोलतो, आता पिल्लूही बसत नव्हतं. दिरानं दृष्ट लागली म्हटलं, आणि सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या, त्या धुरानं आम्ही सगळे खोकलो आणि पिल्लू डब्यामागे शिंकलं. मी पुन्हा वाचू लागले. पुस्तक म्हणत होतं, प्रेमळ, इमानी, चटकन रुळणारा.

जनावरांच्या डॉक्टरकडे मी, नवरा आणि सासूबाई गेलो. त्यांनी पिल्लाला तपासलं, काही सापडलं नाही. मग विचारलं, घरात किंवा आसपास काही मोठा आवाज वगैरे आहे का? नाही, आम्ही तिघं एकदम म्हणालो, आमच्याकडे अगदी शांत आहे. बाकावरची एक मांजर दचकून मालकिणीच्या खांद्यावर चढली. आमच्या गल्लीतली माणसं एवढ्याच आवाजात बोलतात.

उलगडा झाला तो एका दुपारी वीज गेली तेव्हा. नवरा रात्रपाळी करून झोपला होता, तो ताडकन उठून बसला. हे आमच्याकडे नेहमीचं आहे. वीज गेली की झोपलेले कारागीर जागे होतात. मी त्याला म्हटलं, झोप, येईल एवढ्यात. इतक्यात डब्यामागून पिल्लू बाहेर आलं. त्यानं अंग झटकलं, भांड्यातलं सगळं पाणी प्यायलं, आणि आम्हाला पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी शेपटी हलवली.

पलंगावरून मुलगी म्हणाली, "मम्मी, तो खात्याला घाबरतो. खातं बंद पडलं की बाहेर येतो. मी रोज बघते."

खातं म्हणजे आमच्याकडे लूम्सचा कारखाना. आमच्या बिल्डिंगीच्या समोर तळमजल्यावर एक आहे, पाठीमागे एक, आणि गल्लीत किती आहेत ते सांगता येणार नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत आणि रात्रीपासून सकाळपर्यंत सांचे, म्हणजे माग, चालतात. कपाटातल्या वाट्या वाजतात, भिंतीला हात लावला तर ती धडधडते. आम्ही केसांचा विचार केला होता, उन्हाचा केला होता, भुंकण्यानं कुणाची झोपमोड होईल याचा तर फारच केला होता. या आवाजाचा कुणी केला नाही, कारण तो कुणाला ऐकूच येत नव्हता. बंद पडला तरच तो आहे हे आम्हाला कळतं. आणि ते दोघं घर पाहून गेले, पिल्लू आणलं, तेही सुट्टीला खाती बंद असतानाच. मुलीच्या मात्र लक्षात आलं होतं, कारण भीतीपोटी तिनं पिल्लावरची नजर क्षणभरही हलवली नव्हती. पलंगाखाली जे होतं ते कधी बाहेर येईल याचा तिला आमच्याहून चांगला अंदाज होता.

वीज आली. सांचे सुरू झाले. नवरा पुन्हा झोपला आणि पिल्लू डब्यामागे गेलं.

सासूबाई त्या दिवशी जेवताना सांगू लागल्या की लग्न होऊन गावाहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या कानाला फडकं बांधून स्वयंपाक करायच्या. सासरे कामावर गेले की खाडीच्या काठाला जाऊन बसायच्या, नुसत्याच. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. किती दिवस, मी विचारलं. त्यांनी हातानंच उडवून लावलं. आता सांचा थांबला की छातीत धडधडतं, म्हणाल्या.

आम्ही पिल्लाला रुळवायचे प्रयत्न केले. पलंगाच्या भोवती गोधड्या सोडल्या, रेडिओ लावला. मी शाळेतून धावत यायची, वाकून पाहायची, दूध संपलं का ते पाहायची, आणि संपलेलं नसायचं. रात्री झोपेत हात खाली सोडून तो श्वास घेतोय का ते चाचपायची. पुस्तकात एवढ्या जातींची वर्णनं होती, पण आपण कुठल्या जातीचे आहोत आणि आपल्याबरोबर कोण राहू शकेल, हे पाहायला त्यात जागाच नव्हती.

अशाच एका दुपारी आले तर मुलगी पलंगावर नव्हती. गॅलरीतही नव्हती. गोधडी उचलली तर ती खाली, पोटावर आडवी. डब्याच्या एका बाजूला पिल्लू आणि दुसऱ्या बाजूला ती. तिचं तोंड भिंतीकडे होतं. मी हाक मारणार, तर तिनं हात हलवून गप्प बसवलं. "त्याच्याकडे बघू नको," ती म्हणाली. "बघितलं की तो घाबरतो. आपण दुसरीकडे बघायचं आणि थांबायचं."

सासूबाई पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. "तो बी घाबरस, तू बी घाबरस," त्या खाली न पाहता म्हणाल्या. "मंग खेटरं कोण घाली बाहेर जावाले?"

पिल्लू त्यानंतर तिच्या हातून थोडं खाऊ लागलं, पण तेवढंच. ते वाळत चाललं होतं. मुख्याध्यापकांकडे फोन केला. त्यांनी एका शब्दानंही दोष न देता परत आणा म्हटलं. मुलीला सांगितलं तर ती पुन्हा पलंगाखाली गेली आणि या वेळी जेवायलाही बाहेर आली नाही. डॉक्टरांनी जे औषध सांगितलं होतं ते लागू पडत होतं, आणि औषधच मरायला टेकलं होतं. परत द्यावं तर पोर गेली, ठेवावं तर पिल्लू. दोन दिवस मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तोडगा दिरानं काढला, म्हणजे त्याच्या बायकोनं काढला आणि त्यानं आपल्या नावावर सांगितला. गोडादऱ्याच्या त्यांच्या सोसायटीत एकही खातं नाही. पिल्लू तिकडं राहील. रॉटवायलर मागणाऱ्या माणसाला आवाजाला भिणारा लॅब्राडोर मिळाला, पण त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. पिल्लू पोचायच्या आधी त्यानं फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावली, गुजरातीत आणि इंग्रजीत. पिल्लू त्या पाटीखाली चार पाय वर करून झोपू लागलं. आठवड्यात त्याचं पोट सुटलं.

आता मुलीला रोज संध्याकाळी तिकडं जायचं असायचं. गोडादरा लांब नाही, चालत जाण्यासारखं आहे, पण वाट त्याच वळणावरून, फरसाणवाल्यासमोरून जाते. सुरुवातीला दीर स्कूटरवर न्यायचा. मग लग्नसराई आली, मार्केटमधून त्याला निघणं होईना. नवऱ्याची पाळी बदलली. मी कधी जायची, कधी नाही. न जाण्याच्या दिवशी ती गॅलरीत उभी राहायची. आता ती मैत्रिणींकडे पाहत नसे, वळणाकडे पाहायची. मी तिच्या मागे उभी राहून तेच वळण पाहायची.

एका संध्याकाळी शाळेतल्या मीटिंगहून उशिरा आले. तिच्या चपला दारात नव्हत्या. मी आत-बाहेर पाहिलं. सासूबाई पलंगावर गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"गई," त्या म्हणाल्या. "पोळी लई गई."

मी पर्स न ठेवताच खाली उतरले. गल्ली ओलांडून वळण दिसलं तेव्हा ती तिथंच उभी होती, रस्त्याच्या कडेला, पोळीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. कुत्री उठली होती. पोळीचा वास त्यांना लागला असणार. त्यातलं एक, कानाचा तुकडा गेलेलं, तिच्या अगदी पायाशी आलं. ती पळाली नाही. ती हळूच वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुत्र्यांकडे न पाहता, फरसाणवाल्याच्या शटरवरच्या जाहिरातीकडे पाहत. पलंगाखाली भिंतीकडे पाहायची तशी.

मी तिला हाक मारली. जीव खाऊन मारली. ती वळली नाही. मी पुन्हा हाक मारली आणि माझीच हाक मला ऐकू आली नाही. दोन्ही बाजूंच्या तळमजल्यांतून सांचे चालले होते. खटखट, खटखट, सगळा रस्ता भरून. इतकी वर्षं मी या रस्त्यानं जाते, पण हे इतकं मोठं आहे ते मला त्या संध्याकाळी कळलं.

कान तुटलेल्या कुत्र्यानं तिची चप्पल हुंगली, पिशवी हुंगली, थोडा वेळ विचार केला आणि फरसाणवाल्याच्या पायरीकडे गेलं. दुसरी बसली. मुलगी तरी तशीच उभी. मग ती निघाली. धावली नाही, मागं पाहिलं नाही. एक कुत्रं थोडं मागे गेलं आणि कंटाळून परतलं. ती गोडादऱ्याच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली.

फरसाणवाल्यानं हात पुसत काय झालं ते विचारलं. मी काही नाही म्हटलं. तिच्या मागं जावं की नाही, हे मला ठरवता येईना. चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी दिराच्या घरी फोन केला आणि पोचली की कळवा, पण मी विचारलं असं तिला सांगू नका, म्हटलं. मग घरी येऊन गॅलरीत उभी राहिले. जाळीतून वळणाचा जेवढा तुकडा दिसतो तेवढा पाहत.

खाली मुली खेळत होत्या. त्यातल्या एकीनं वर पाहून विचारलं, ती कुठंय?

"गेली," मी ओरडून सांगितलं. "काकांकडे. एकटी."

तिनं कानाला हात लावून पुन्हा विचारलं. मी पुन्हा ओरडले.